महापौर न झालेल्या बाईविषयी महापौरांना

प्रति,
मा. महापौर,
बृहन्मुंबई महानगरपालिका



गोरेगावात एस. व्ही. रोडवरून पश्चिम द्रुतगती महामार्गाकडे जाणारा उड्डाणपूल तुम्हाला माहीत असेलच. त्याला मृणालताई गोरे यांचं नाव दिलेलं आहे. आमच्या इमारतीतल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मी विचारलं, या कोण रे? तो म्हणाला, "महापौर होत्या ना?" पुलाला नाव आहे म्हणजे बाई निदान महापौर तरी असणार, असा त्याचा हिशेब. मुंबईच्या महापौरांच्या यादीत बायका आहेत. 1956 साली सुलोचना मोदी होत्या, अलीकडच्या निर्मला सामंत-प्रभावळकर, विशाखा राऊत, शुभा राऊळ, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, किशोरी पेडणेकर आहेत. मृणाल गोरे नाहीत. त्या नगरसेविका होत्या, आमदार होत्या, खासदार होत्या, विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. महापौरपद काही त्यांच्या वाट्याला आलं नाही, आणि त्यांचं त्यावाचून अडलंही नाही.

तरीही हे पत्र तुम्हाला लिहितेय, कारण मला जे मागायचं आहे ते आजच्या घडीला तुमच्याच हातात आहे. तुमच्या हातात फारसं काही नसतं, हे मला ठाऊक आहे. 1888 चा कायदा आहे. कारभार आयुक्तांचा, आयुक्त राज्य सरकारचे, महापौर म्हणजे मुंबईचे प्रथम नागरिक, फिती कापायच्या आणि पाहुण्यांचं स्वागत करायचं. शिवाजी पार्कसमोरचा बंगलाही गेला, आता राणीच्या बागेत मुक्काम. पण सभागृह तुम्ही चालवता. कोणी कशावर किती वेळ बोलायचं, कोणतं निवेदन आज घ्यायचं आणि कोणतं पुढच्या सभेवर टाकायचं, प्रशासनाचं उत्तर पुरेसं झालं की नाही, हे ठरवणारी खुर्ची तुमची. मृणालताई त्या खुर्चीसमोर 1961 पासून उभ्या राहिल्या आणि समोरून जेवढं करता येतं तेवढं त्यांनी केलं.

थोडं मागं जाते. मृणाल मोहिले 1928 सालच्या. डॉक्टर व्हायला निघालेली हुशार मुलगी, राष्ट्र सेवा दलात ओढली गेली आणि वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून बसली. 1948 मध्ये केशव गोरे यांच्याशी लग्न झालं. लोक त्यांना बंडू गोरे म्हणत. आंतरजातीय लग्न, दोघंही समाजवादी, संसार गोरेगावात. तेव्हाचं गोरेगाव मुंबईत नव्हतं. ग्रामपंचायत होती, विहिरी होत्या, पूर्वेला आरे कॉलनीचे गोठे नुकते उभे राहत होते. मृणालताई पहिली निवडणूक जिंकल्या ती या ग्रामपंचायतीची. 1957 मध्ये जोगेश्वरीपासून दहिसरपर्यंतचा आणि तिकडे मुलुंडपर्यंतचा पट्टा मुंबई महापालिकेत आला, आणि 1958 मध्ये केशव गोरे गेले. बाई तिशीच्या, पदरात लहान मुलगी. त्याच वर्षी सहकाऱ्यांनी केशव गोरे स्मारक ट्रस्ट काढला. आरे रोडवरची त्याची वास्तू आजही सभा, नाटक, शिबिरं, भांडणं या सगळ्यांसाठी उघडी असते.

उपनगरं मुंबईत आली, पण मुंबईचं पाणी त्यांच्यामागून तितक्या लगबगीनं आलं नाही. गिरण्या-कारखान्यांत काम मिळालेली माणसं गोरेगाव, मालाड, घाटकोपर, मुलुंडच्या मोकळ्या जागांवर झोपड्या टाकत होती आणि महापालिका म्हणत होती, बेकायदा वस्तीला नळ कसा द्यायचा? नळ दिला तर वस्ती कायदेशीर ठरेल! हा युक्तिवाद ऐकायला फार नियमाला धरून वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की डोक्यावर हंडा घेतलेली बाई नियमात बसेपर्यंत तिनं तहानलेलं राहावं. मृणालताईंनी नगरसेविका म्हणून पहिली कित्येक वर्षं या एका गोष्टीवर डोकं आपटलं. सभागृहात प्रश्न, बाहेर रिकाम्या हंड्यांचा मोर्चा, मग अधिकाऱ्याच्या टेबलाशी घेराव, परत सभागृहात प्रश्न. पाणीवाली बाई हे नाव तिथून पडलं.

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या बायकांच्या वतीनं एकट्या ऑफिसात जात नसत, बायकांना घेऊन जात. साहेबासमोर बोलायची वेळ आली की ज्या बाईच्या घरी पाणी नाही तिनं बोलायचं. ती अडखळणार, पदर सावरणार, मधेच रडकुंडीला येणार, आणि तरी पुढच्या खेपेला न अडखळता बोलणार. एखाद्या वस्तीला नळ मिळायला दोन वर्षं लागली, तर तेवढ्यात त्या वस्तीत वॉर्ड ऑफिसचा जिना ओळखणाऱ्या दहा-पंधरा बायका तयार व्हायच्या.

माझी आई त्यांच्यातली नव्हती. आम्ही चाळीत राहायचो, नळ होता, पाणी कमी का होईना यायचं. पण 1972 च्या दुष्काळात चाळवाल्यांचंही कंबरडं मोडलं. रेशनवर धान्य नाही, बाजारात तेल नाही, रॉकेलला रांगा. त्या वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती निघाली. मृणालताई आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भाकपच्या. एरवी या पक्षांचे पुरुष एकमेकांच्या व्यासपीठावर बसायला दहा अटी घालायचे. बायका बसल्या. लाटणं मोर्चा निघाला तेव्हा आई शेजारणींबरोबर गेली. जाताना पोळपाट घरी आणि लाटणं पिशवीत. संध्याकाळी परत यायला उशीर झाला, वडिलांनी स्वयंपाकघरात शोधाशोध केली, आणि त्या रात्री आम्ही भात-आमटी खाल्ली. आईच्या आयुष्यातला तो एकमेव मोर्चा. पण त्यानंतर रेशन दुकानदारानं "माल संपला" म्हटलं की ती स्टॉकचं रजिस्टर दाखवा म्हणायची. रजिस्टर नावाची चीज असते आणि ती आपल्याला बघायला मागता येते, हे तिला कोणीतरी त्या गर्दीत सांगितलं असणार. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजवायचं आंदोलनही याच समितीचं. पुढं 2020 मध्ये सरकारच्या सांगण्यावरून देशभर थाळ्या वाजल्या तेव्हा आमच्या मजल्यावरच्या एक आजी म्हणाल्या, "आम्ही सरकारच्या विरोधात वाजवायचो हो." असो.

त्याच 1972 मध्ये त्या विधानसभेत गेल्या. आणीबाणी लागल्यावर काही महिने भूमिगत राहून काम केलं, डिसेंबर 1975 मध्ये पकडल्या गेल्या आणि मिसाखाली तुरुंगात. 1977 ला उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या. "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा तुमच्याही कानावर कधीतरी पडली असेल. दिल्लीच्या दिवसांबद्दल मी फार लिहीत नाही. जनता पक्षाचा संसार जसा मोडला तसा मोडला, आणि मृणालताईंचं खरं काम तिथं नव्हतंच, असं मला वाटतं.

परत आल्यावर जे उभं राहिलं ते बघायचं तर दिंडोशीला जा. कमाल जमीन धारणा कायदा 1976 चा. जास्तीची जमीन सरकारकडं यावी आणि गरिबांच्या घरांना मिळावी असा त्याचा हेतू. प्रत्यक्षात सवलतींच्या कलमांतून जमिनी बिल्डरांकडंच राहत होत्या. बाबूराव सामंत आणि मृणालताईंनी नागरी निवारा परिषद काढली, सरकारशी भांडले, कोर्टकज्जे केले आणि गोरेगाव पूर्वेला सहा हजारांहून जास्त घरांची वसाहत उभी केली. शिक्षक, कारकून, कामगार, नर्सेस अशी माणसं तिथं स्वतःच्या घरात राहायला गेली. आज त्या घरांचे भाव ऐकून त्यातल्याच काहींना घाम फुटतो, पण तो वेगळा विषय. 1983 मध्ये केशव गोरे स्मारकात स्वाधार सुरू झालं. मार खाल्लेली, घरातून काढलेली बाई तिथं येऊन बसू शकायची. 1985 ला त्या पुन्हा विधानसभेत गेल्या. गर्भजल चाचणी करून मुली पाडण्याच्या धंद्याविरुद्ध बाहेर संघटना लढत होत्या आणि सभागृहात मृणालताई. 1988 मध्ये महाराष्ट्रानं देशातला पहिला कायदा केला. केंद्राला जाग यायला 1994 उजाडलं.

आता जरा कडू लिहिते, नाहीतर हे पत्र जयंतीच्या भाषणासारखं होईल. 1990 मध्ये गोरेगाव विधानसभा शिवसेनेकडं गेली आणि समाजवाद्यांच्या गोरेगावात समाजवादी उरले ते मुख्यतः स्मारकाच्या सभांपुरते. ज्यांना नळ मिळाला, घर मिळालं, त्यांनी मत दुसरीकडं दिलं. यात लोकांचा कृतघ्नपणा शोधणाऱ्या मंडळींशी माझं जमत नाही. समाजवाद्यांनी पक्ष इतक्या वेळा फोडला आणि जोडला की मतदाराला चिन्ह लक्षात ठेवणं मुश्कील झालं. शिवाय रात्री अकराला कोणाला दवाखान्यात न्यायचं तर शिवसेनेची शाखा उघडी असायची, पोरं धावून यायची. समाजवाद्यांकडं अभ्यासवर्ग होते. शाखेनं खूप कामं केली, हे मी नाकारत नाही. पण तिथं नळाचं काम दादांकडं गेलं. बाईनं दादांना सांगायचं, दादा साहेबांना सांगणार, साहेब फोन करणार, आणि नळ आला की चौकात दादांचा फोटोसकट बोर्ड. पुढं सगळ्याच पक्षांनी हीच पद्धत उचलली. ऑफिसच्या जिन्यावरून बायका उतरल्या त्या उतरल्याच.

आणि पाण्याचं काय झालं? मुंबईत सात तलावांतून रोज जवळपास चारशे कोटी लिटर पाणी येतं. भांडुपचं जलशुद्धीकरण संकुल आशियातल्या मोठ्यांत गणलं जातं. तानसाच्या जलवाहिन्या मुलुंड, घाटकोपरच्या वस्त्यांना खेटून शहराकडं जातात. तरी इमारतीतल्या माणसामागे रोज 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसामागे 45 लिटर, हे महापालिकेचं स्वतःचं गणित वर्षानुवर्षं चालत आलं. डिसेंबर 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी कधीची आहे हे बघून ते नाकारता येणार नाही. मृणालताई 17 जुलै 2012 ला गेल्या. सभागृहात 1961 पासून जे त्या म्हणत होत्या त्यावर न्यायालयाची मोहोर त्यांच्यामागं दोन वर्षांनी उमटली. 2022 मध्ये महापालिकेनं "सर्वांसाठी पाणी" धोरण आणलं. कागद उत्तम आहे.

माझ्याकडं कामाला येणारी बाई डोंगरावरच्या एका वस्तीत राहते. वस्तीचं नाव लिहीत नाही, तिला उगाच त्रास नको. पाच घरांत एक जोडणी. पाणी पहाटे येतं, पाऊण तास. ज्या दिवशी पाणी सोडणारा चावीवाला वेळेवर चावी फिरवतो त्या दिवशी चारला, नाहीतर साडेचारला, पाचला. ती साडेतीनला उठून बसते, कारण झोप लागली आणि पाणी येऊन गेलं तर दिवस गेला. पहिली दहा मिनिटं गढूळ, ती मोरीत सोडायची. मग पाइप पाचही घरांत फिरवायचा, प्रत्येकाला सात मिनिटं, मोबाइलवर टाइमर लावून. खालच्या घरांनी मोटर लावली की वरच्या नळाला नुसती हवा फुसफुसते. दाराशी दोन निळी पिंपं, त्यांवर लाकडी फळी, फळीवर हंडा आणि कळशी. पिण्याचं वेगळं, पातळ फडक्यानं गाळून. जानेवारीत एकदा पाण्याची वेळ बदलली आणि कोणीच सांगितलं नाही. आठवडाभर ती माझ्याकडं येताना दोन रिकामे कॅन घेऊन यायची. मी पंधराव्या मजल्यावर राहते. माझ्या नळाला चोवीस तास पाणी असतं, खाली टाकी आहे, वर टाकी आहे, मधे पंप आहे. ते दोन कॅन भरून देताना मला काही थोर वाटत नव्हतं.

मी तिला विचारलं, वॉर्ड ऑफिसात का नाही जात सगळ्या जणी? ती म्हणाली, "तिथं आमचं कोण ऐकणार ताई, नगरसेविकेच्या मिस्टरांना सांगितलंय."

महापौर, मिस्टरांचा हा मुद्दा जरा ऐकून घ्या. 1961 च्या सभागृहात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज 227 पैकी निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. हे आरक्षण बायकांनी भांडून मिळवलेलं आहे आणि त्यातून खमक्या नगरसेविका आल्या, हे मी बघितलंय. पण कित्येक प्रभागांत फोन उचलतात मिस्टर, बोर्डावर बाईंच्या फोटोपेक्षा मोठा फोटो मिस्टरांचा, आणि पाण्याची तक्रार करायला गेलेल्या बाईची गाठ पडते पुन्हा पुरुषाशीच. तुमच्या सभागृहात बोलणाऱ्या बायका किती आणि किती मिनिटं बोलतात, हे तुम्हाला खुर्चीवरून रोज दिसत असेल.

बोलतात कशावर, हेही. प्रजा फाउंडेशन नगरसेवकांच्या प्रश्नांचा हिशेब ठेवते, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या अहवालांतून दिसत आलं की रस्त्यांना, चौकांना नावं देण्याविषयीचे प्रश्न ढिगानं असतात. मला त्या उड्डाणपुलाचा राग नाही. त्यावरून बस जाते तेव्हा मलाही बरं वाटतं. पण पुलाला नाव देऊन झालं की मृणालताईंचं खातं मिटलं, असं कोणी समजू नये.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं या शहराला नगरसेवक नव्हता, महापौर नव्हता. 2025-26 चा 74 हजार कोटींवरचा अर्थसंकल्प सभागृहात एकही माणूस न बोलता मंजूर झाला. प्रशासकांनी मांडला, प्रशासकांनीच मान्य केला. तेवढ्या काळात पाण्याच्या वेळा बदलल्या, कपात झाली, टँकरचा संप झाला, आणि विचारायला सभागृहच नव्हतं. एक मात्र झालं: रोजच्या कामाला सभागृह लागतंच असं नाही, ही सवय सगळ्यांना लागली. नगरसेवकांनाही लागली असेल तर ती मोडायचं काम तुमचं आहे.

माझं मागणं असं. प्रत्येक विभागात, आर मध्य असो, के पूर्व असो, एन, टी किंवा पी दक्षिण, कोणत्या वस्तीला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ राहतं, याचा तक्ता जलअभियंता खात्याकडं असतोच. त्याशिवाय चावीवाल्याला चावी कधी फिरवायची हे कसं कळेल? तो तक्ता सभागृहाच्या पटलावर ठेवायला सांगा. मराठीत, वस्तीच्या लोक म्हणतात त्या नावानं, आणि इमारतींच्या तक्त्याला लागून. वेळ बदलली तर आदल्या दिवशी वस्तीत पाटी लागली पाहिजे. "सर्वांसाठी पाणी" या धोरणाखाली किती अर्ज आले, किती जोडण्या दिल्या, किती नाकारल्या आणि कोणत्या कारणानं, हे दर तिमाहीला सांगायला लावा. जलवाहिनी वनखात्याच्या, रेल्वेच्या किंवा केंद्राच्या जागेतून जाते म्हणून अडलेल्या वस्त्या कोणत्या, त्यांचं "ना हरकत" कोणाच्या टेबलावर पडून आहे, तेही. हे सगळं आयुक्तांच्या अधिकारातलं आहे, असं तुम्हाला सांगितलं जाईल. खरं आहे. पण विचारण्याचा अधिकार सभागृहाचा आहे आणि वेळ देण्याचा तुमचा. चर्चेला वेळ नाही म्हणून विषय पुढं ढकलायचा असेल, तर नामकरणाचे विषय पुढं ढकला. चौक कुठं पळून जात नाहीत.

दुसरं म्हणजे, वॉर्ड पातळीवर पाण्याची सुनावणी ठेवा. महिन्यातून एकदा, संध्याकाळी सातनंतर, कारण दुपारी या बायका लोकांच्या घरी भांडी घासत असतात. तिथं जलखात्याचा अभियंता बसू दे आणि बोलू दे फक्त ज्याच्या घरी पाणी येत नाही त्याला. नगरसेविका असू दे, मिस्टरांना घरी राहू दे. पहिल्या एक-दोन सुनावण्या आरडाओरडीच्या होतील, शिव्याही पडतील. मृणालताईंच्या काळातही साहेबांच्या केबिनमध्ये काही संगीत चालत नसे.

ही सुनावणी कोणत्या विभागात पहिल्यांदा घ्यायची ते तुम्ही ठरवा. गोरेगावात घेतलीत तर केशव गोरे स्मारकाचं सभागृह मागता येईल, खुर्च्या लावायला मी माणसं आणते. माझ्याकडं येणाऱ्या बाईला मी आधीच सांगून ठेवलंय. तिनं तारीख आठ दिवस आधी कळवा म्हटलंय, दोन घरची सुट्टी घ्यावी लागेल.

आपली,
आरे रोडवरची एक रहिवासी, गोरेगाव (पश्चिम)